टाकाऊ आणि टिकाऊ

आश्विन महिना लागला, की आमच्या चोपड्यात घरोघर एक न्यायालय भरते. माळ्यावरचे सामान खाली येते, फडताळे रिकामी होतात, स्वयंपाकघरातले डबे धुऊन अंगणात उन्हाला पालथे पडतात, आणि घरातली कर्ती बाई एकेक वस्तू हातात घेऊन क्षणभर थांबते. ठेवायची, की टाकायची? झाकण हरवलेली बरणी, कान तुटलेला कप, बूड काळे पडलेली कढई, कधीतरी लागतील म्हणून जमवलेल्या बाटल्या. भंगारवाल्याची हातगाडी या दिवसांत गल्लीतून अंमळ जास्तच फिरते. त्या बाईने आपला विचार कधी शब्दांत मांडलेला नसतो; पण मला वाटते, नीतीचा एक फार जुना प्रश्न त्या वेळी तिच्या हातात असतो. एखादी वस्तू निरुपयोगी झाली असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कशाच्या आधारावर वापरायचा?

शाळेत आम्ही या प्रश्नाचे उत्तर फार स्वस्तात देऊन टाकले आहे. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर कधी ना कधी झळकून गेलेले असतात. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी घरून रिकामी खोकी, बाटल्या, करवंट्या, काड्यापेट्या आणायच्या आणि त्यांच्या बाहुल्या, फुलदाण्या, आगगाड्या करायच्या. शब्दांचे यमक छान जुळले आहे आणि हेतूही चांगला आहे. मुलांची बोटे वळतात, नजर मापाला लागते. या तासाला मुले जितकी आनंदात असतात तितकी गणिताच्या तासाला मी क्वचितच पाहिली आहेत. तेव्हा माझी तक्रार तासाविरुद्ध नाही. माझा आक्षेप आहे तो त्या दोन शब्दांना. वस्तू टाकाऊ होती हे त्यांत गृहीत धरले आहे, आणि ती टिकाऊ झाली म्हणजे तिचे सार्थक झाले, हेही. दोन्ही गृहीते एकदा तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिली गोष्ट अशी, की आजचे टाकाऊ पुष्कळदा विकत आणलेले असते. कोणत्याही तालुक्याच्या गावी वह्यापुस्तकांच्या दुकानात जावे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचे कोरे करकरीत पुडके तेथे टांगलेले दिसेल. या काड्यांना आइस्क्रीम कधी लागलेलेच नसते. कागदी पेले, रंगीत नळ्या यांचीही तीच कथा. मुलाला उद्या शाळेत टाकाऊ वस्तू न्यायची असते, म्हणून बाप दुकान बंद होण्यापूर्वी धावत जाऊन ती घेऊन येतो. एखादी आई बरणीतले लोणचे दुसऱ्या भांड्यात काढून बरणी मोकळी करून देते, आणि रात्री जागून त्या बरणीची फुलदाणीही तीच करते. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात तिच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते. काटकसर शिकवण्यासाठी कचरा निर्माण करायचा, आणि हाताचे काम शिकवण्यासाठी ते दुसऱ्याच्या हाताने करून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सगळ्याच घरांत टाकाऊ वस्तू नसतात. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याशी पावरा, बारेला, तडवी लोकांची वस्ती आहे आणि तेथली मुले शिकण्यासाठी खाली येतात. अशाच एका पाड्यावरचा मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. स्वयंपाकघरातली एक टाकाऊ वस्तू प्रत्येकाने आणायची होती, आणि हा रिकाम्या हातांनी आला. विसरला नव्हता. म्हणाला, "सर, आमच्या घरी तसलं काही नाही." मी सहज एकेक विचारीत गेलो. भाजीची साले? ती बकरी खाते. राख? भांडी घासायला लागते. फुटका माठ? त्याच्या बुडात कोंबड्यांना पाणी ठेवतात. तेलाची बाटली? तीच घेऊन पुन्हा तेल आणायला जायचे. फाटके लुगडे? ते गोधडीत गेले. दुसऱ्या दिवशी तो पत्र्याचा एक डबा घेऊन आला. बिस्किटांचा असावा, वरचे चित्र घासून नाहीसे झाले होते आणि कडेला पोचे आले होते. डबा माझ्या हाती देताना त्याने बजावून सांगितले, "आईने सांगितलंय, संध्याकाळी परत आण. पीठ मोजायला लागतो."

आता आली का पंचाईत! हा डबा कापता येत नव्हता, रंगवता येत नव्हता, त्याला भोकही पाडता येत नव्हते. चार मुलांनी मिळून त्याच्या तोंडावर फडके ताणले आणि सुतळीने आवळून त्याचा ढोल केला. आवाज बसका येऊ लागला, तेव्हा डबा पालथा घालून बुडावरच दोन काड्यांनी वाजवून पाहिला. तो वाजू लागला. होळीच्या दिवसांत सातपुड्यात ढोल कसा घुमतो ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना सांगायला नको. त्या मुलाच्या हातात तो ठेका होताच. ज्या मुलांनी वर्षभर त्याच्याशी चार शब्दही बोलले नव्हते, ती त्याच्याजवळ बसून हात कसा पडतो ते पाहू लागली. शाळा सुटताना त्याने फडके सोडले, डबा सदऱ्याला पुसला आणि दप्तरात घातला. प्रदर्शनाच्या टेबलावर त्याच्या नावाची वस्तू लागली नाही. डबा टाकाऊ नव्हता आणि ढोल टिकला नाही. तरीही कार्यानुभव म्हणतात तो याहून निराळा काय असतो, हे मला कोणी समजावून द्यावे.

मिरचीचा तिखटपणा मिरचीत असतो, लोखंडाचा जडपणा लोखंडात असतो. टाकाऊपणा मात्र डब्यात नसतो. ज्याला दुसरा डबा घेणे परवडते त्याला पहिला टाकता येतो. म्हणजे तो गुण डब्याच्या मालकाच्या खिशात असतो. आपण 'ही वस्तू टाकाऊ आहे' असे म्हणतो, तेव्हा वस्तूबद्दल बोलत आहोत असे वाटते, पण खरे पाहता आपल्या ऐपतीबद्दल बोलत असतो. जुन्या खानदेशी घरांत या अर्थाने टाकाऊ असे फार थोडे होते, आणि मुलांची खेळणी मात्र रग्गड होती. मांडे भाजायचे खापर फुटले, की त्याची ठिकरी गल्लीतल्या मुलींच्या ठिक्करपाण्याला जाई. चिंच काढून उरलेला चिंचोका फोडला, की एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी असा फुकटचा फासा तयार होई. ज्वारीच्या धांड्याची साल आणि गर घेऊन मुले बैलगाडी करीत, आणि संध्याकाळी गोठ्यातला खरा बैल ती गाडी खाऊन टाकी. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुलींची भुलाबाई असते. काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. गाणी म्हणून झाली, की खाऊचा बंद डबा खुळखुळवून आत काय आहे ते ओळखायचे. स्वयंपाकघरातला डबा रोज घटकाभर खेळणे होतो आणि घटकाभराने पुन्हा डबा होतो. यांतल्या कोणालाही आपण टाकाऊपासून टिकाऊ करीत आहोत असे वाटत नसे. वस्तूचे एक काम संपले किंवा थोडे थांबले, की मुले तिला दुसरे देत, इतकेच.

हा शब्द वस्तूंवरच थांबला असता, तर त्याच्यामागे एवढे लागण्याचे कारण नव्हते. पण तो थांबत नाही. म्हातारा झालेला बैल, बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार, ओसरीवर बसून राहणारा आजा यांच्याकडे पाहताना तोच शब्द, उच्चारला नाही तरी, मनात येऊन जातो. आम्हां शिक्षकांच्या तर तो फारच जवळ असतो. मागच्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या मुलाकडे पाहून "याच्या हातून काही होणार नाही" असे जेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोलले जाते, तेव्हा माळ्यावरच्या बरणीला जेवढा वेळ मिळतो तेवढाही त्याला मिळत नाही. डब्याशी नीट वागणारा माणूस माणसांशी नीट वागेलच, असा माझा दावा नाही. काडी काडी जपणारी आणि मनाने निष्ठुर अशी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण निकाल देण्यापूर्वी थांबण्याची सवय लागायचीच असेल, तर ती लहानपणी, हातात धरता येईल अशा वस्तूपासून लागलेली बरी.

याच प्रश्नाला लागून स्वयंपाकघरातला आणखी एक वाद आहे. पुठ्ठ्यावर खळ लावून मूग, मसूर, तांदूळ चिकटवायचे आणि मोर किंवा गणपती करायचा, हे काम शाळांतून फार लोकप्रिय आहे, दिसतेही सुरेख. पण घरातल्या म्हाताऱ्या बायकांना ते बघवत नाही. सुपातून निसटलेला दाणा वेचून घेणाऱ्या पिढीला, डाळ गोंदाने पुठ्ठ्याला चिकटवणे म्हणजे अन्नाची विटंबना वाटते. यावर कोणी म्हणेल, की दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढणारे लोक या देशात आहेतच की. आहेत, परंतु ते पीठ मुंग्या आणि चिमण्या खातात, आणि ते त्यांनी खावे अशी घालणाऱ्याची इच्छाही असते. गोंद लागलेली डाळ कोणीच खात नाही. मला या वादात आजीची बाजू खरी वाटते. शेंगांची टरफले, लसणाची साले, सीताफळाच्या बिया, केळीचे वाळलेले सोपट यांचे काम होऊन गेलेले असते, ती मुलांची. डाळीचे काम अजून व्हायचे असते. ज्याचे स्वतःचे काम अजून शिल्लक आहे त्याला शोभेसाठी अडवू नये, हा नियम मला पुरेसा वाटतो. तो मुलांना सांगितला तर त्यांना लगेच पटतो. पटवावा लागतो तो मोठ्यांना.

लहान मुलांचा शहाण्या माणसांनी जेथे जेथे विचार केला आहे तेथे साध्या वस्तूंची बाजू घेणारे निघाले आहेत. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1693 साली शिक्षणावर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात, मुलांना खेळणी विकत आणून देऊ नयेत, ती त्यांनी स्वतः करावीत, आणि अगदी लहानांना गुळगुळीत गोटा, कागदाचा कपटा किंवा आईच्या किल्ल्यांचा जुडगासुद्धा पुरतो, असे सांगितले आहे. मारिया माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले; पुढे त्यांची साधने इतकी नेमकी आणि महाग झाली, की गरिबांच्या वस्तीला ती दुर्मीळ झाली. आपल्याकडे ती उणीव ताराबाई मोडकांनी ओळखली. त्या 1945 साली बोर्डीला गेल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या, आणि 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथल्या बालवाडीची साधने झाली. आमच्या पिढीला जास्त ओळखीचे नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला हा इंजिनिअर 1978 साली पुण्यातल्या कारखान्यातून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्याने भूमिती उभी केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते मुलाला तेवढ्यात कळते. पुढे पुण्याला आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हेच केले, आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या साऱ्यांनी साध्या वस्तू निवडल्या त्या केवळ पैसे वाचवण्यासाठी नाहीत. महाग वस्तूला मूल भिऊन हात लावते. मोडेल, सांडेल, मास्तर रागावतील, अशी धास्ती मनात असते. काडी मोडली तर दुसरी काडी असते. मोडून पाहण्याची ही मोकळीक ज्याला मिळाली नाही तो पुढे काही करून पाहण्याचे धाडसही करीत नाही.

पण येथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहरातल्या मोठ्या शाळांत सूक्ष्मदर्शक यंत्रे, संगणक, रंगांच्या पेट्या असायच्या, आणि पाड्यावरच्या शाळेला मात्र करवंटीचे माहात्म्य सांगायचे. हा न्याय कुठला? गरिबाच्या मुलाला कचरा, आणि वर त्याच्या कल्पकतेचे कौतुक! ज्याने पैसे द्यायचे त्याला ही विचारसरणी फार सोयीची आहे. हा आक्षेप मला खरा वाटतो. ताराबाई आणि अनुताईंनी शिंपले वेचले, पण या मुलांना एवढेच पुरे असे त्या म्हणाल्या नाहीत. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, आणि शिकवण्यापूर्वी त्याचे अंग धुतले, त्याच्या पोटाची काळजी वाहिली. 'अंगणवाडी' हे नाव त्यांच्या कामातून आले, आणि 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ते देशभर गेले. करवंटी ही हक्काच्या वस्तूची भरपाई होऊ शकत नाही. पाड्यावरच्या मुलालाही सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल पाहायला मिळाली पाहिजे, आणि शहरातल्या मुलालाही डब्याचा ढोल करता आला पाहिजे. साधेपणा शिकवायचाच असेल तर तो सर्वांना सारखा शिकवावा. नुसता गरिबाला शिकवलेला साधेपणा म्हणजे त्याला मुकाट्याने बसवणे होय.

आता उरला टिकाऊपणा. आमच्या शेजारच्या यावल तालुक्यात फैजपूर आहे. तेथे 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. गांधीजींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीसाठी आले, आणि बांबू व गावाकडच्या साध्या साहित्यातून, गावच्या कारागिरांच्या हातांनी एक नगर उभे राहिले. अधिवेशन संपले आणि नगर उतरवले गेले. भुलाबाईची मातीची मूर्तीही अशीच महिनाभर सजते आणि शेवटी पाण्यात जाते. आपली कला पुष्कळदा न टिकण्यासाठीच केलेली असते, आणि ती सुंदर असते.

खरोखरीचे टिकाऊ आज वेगळेच आहे. दुधाची पिशवी, वेफर्सचा पुडा, श्रीखंडाचा डबा, प्लास्टिकचा चमचा: आजच्या स्वयंपाकघरातून जो कचरा निघतो तो आपल्या नातवंडांनाही पुरून उरणारा आहे. महाराष्ट्र सरकारने 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, नळ्या, सजावटीचे थर्मोकोल यांना बंदी झाली. याच चमच्यांची कमळे करून वर्ग सजवणे, म्हणजे त्यांचा उकिरड्याचा प्रवास दोन महिने लांबवणे होय. तेवढ्याने मुलांना हातकाम येते, हे कबूल. परंतु ते कमळ पाहून आपल्या घरचा कचरा मार्गी लागला असे आईबापांना वाटू लागले, तर मुलाचे हस्तकौशल्य मोठ्यांच्या बेपर्वाईवरचे पांघरूण होते. चमचा विकत घ्यायचा की नाही हा निर्णय मुलाचा नव्हता. त्याचे प्रायश्चित्त त्याच्याकडून घेऊ नये.

माझ्या वर्गापुरता मी एक साधा नियम ठेवला आहे. वस्तू आणण्यापूर्वी मुलाने घरी विचारायचे, "आई, हे लागणार आहे का?" आणि जे उत्तर मिळेल ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. वस्तू आणलीच पाहिजे अशी सक्ती नाही. उत्तर आणले तरी चालते. उत्तरे मोठी गमतीची येतात. कोणाची आई सांगते, ही बरणी लागते, हिच्यात मेथीचे बी ठेवते. कोणाचे वडील सांगतात, हा डबा तुझ्या आज्याने आणलेला, याला हात लावू नको. एका मुलीने सांगितले, "आजी म्हणाली लागेल, कशाला ते मात्र तिलाही ठाऊक नाही." वर्ग हसला, आणि तीही हसली. मुलांना आपल्याच घरातल्या वस्तूंची कामे कळू लागली आहेत. ती कामे कोण करते, हेही त्यांच्या थोडेथोडे लक्षात येऊ लागले आहे. काही मुले मात्र सांगतात, "आई म्हणाली, घेऊन जा, आपण दुसरं आणू." मी त्यावर काही बोलत नाही. दोन्ही उत्तरे त्याच वर्गात, कधी कधी एकाच बाकावरून, लागोपाठ ऐकू येतात, आणि मुले ती ऐकतात.